बंगळूर ते पुणे: विमानाचा दीड तास खरा किती तासांचा?

आजचा विषय साधा आहे. बंगळूरला राहणाऱ्या मराठी माणसाला वर्षातून चार-पाच वेळा तरी हा प्रश्न येतो. पुण्याहून आईचा फोन असतो, "अरे, विमानाने किती वेळ लागतो रे तुला?" आणि आपण सांगून टाकतो, "दीड तास गं." तिकिटावर तसं छापलेलं असतं, त्यामुळे ते खोटंही नाही. पण बंगळूरच्या घराला कुलूप लावून दीड तासात पुण्याच्या घराची बेल वाजवली, असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

एरवी याने काही बिघडत नाही. दिवाळीला दोन तास उशिरा पोहोचलो तर फराळ कुठे पळून जात नाही. पण घरी कुणी आजारी असतं, रात्री दवाखान्यातून फोन येतो, किंवा त्याहून वाईट बातमी असते. तेव्हा तिकडची माणसं एकच विचारतात, "किती वाजेपर्यंत पोहोचशील?" तुम्ही जी वेळ सांगाल तिच्यावर ते पुढचं सगळं ठरवतात. ऑपरेशनच्या कागदावर सही कोण करणार, आईजवळ रात्री कोण बसणार, कुणासाठी किती थांबायचं. म्हणून हा हिशेब एकदा शांतपणे, काही घडलेलं नसताना, करून ठेवावा असं मला वाटतं.

आधी अंतर बघू. बंगळूरचा विमानतळ देवनहळ्ळीला, पुण्याचा लोहगावला. या दोन्हींमध्ये सरळ रेघ ओढली तर ती साधारण ७२० किलोमीटरची होते. काही ठिकाणी हाच आकडा ४४९ दिसतो, काही ठिकाणी ३९०. तिन्ही बरोबर आहेत. ४४९ हे जमिनीवरचे मैल आणि ३९० हे सागरी मैल. वैमानिक सागरी मैलातच बोलतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग साधारण एवढा भरतो, म्हणून नकाशावर मोजायला तो सोपा.

ही सरळ रेघ रस्त्यावरून अजिबात जात नाही. आपला महामार्ग, जुना चार नंबर आणि आताचा ४८, तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगिरी, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा असा पश्चिमेकडून वळसा घेत जातो आणि सुमारे ८४० किलोमीटर भरतो. रेघ त्याच्या बरीच पूर्वेला राहते. मी नकाशा घेऊन तिचा मध्य शोधला, तर तो पट्टदकलच्या जवळ पडला. चालुक्यांची देवळं आहेत तेच पट्टदकल. शेजारच्या ऐहोळेला इ.स. ६३४ चा रविकीर्तीचा शिलालेख आहे आणि त्यात दुसऱ्या पुलकेशीला तीन महाराष्ट्रकांचा अधिपती म्हटलेलं आहे. पुणे-बंगळूर वाटेचा बरोब्बर अर्धा टप्पा तिथे यावा, याची मला गंमत वाटते. विषयाशी त्याचा संबंध नाही, पण खिडकीची जागा मिळाली तर खाली बघा.

इतक्या कमी अंतरावर पृथ्वीच्या गोलाईचा परिणाम नगण्य असतो. लांबच्या प्रवासात मात्र नकाशावरची सरळ रेघ फसवते. बंगळूर आणि सॅन फ्रान्सिस्को घ्या. भिंतीवरच्या नकाशात वाटतं की विमान जपानवरून, पॅसिफिक ओलांडून जाईल. पण या दोन गावांच्या रेखांशांत १६० अंशांचं अंतर आहे, म्हणजे ती पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत. मग जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूने निघते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को-बंगळूर पहिलं थेट विमान खरोखरच ध्रुवावरून आलं आणि ११ जानेवारीच्या पहाटे देवनहळ्ळीला उतरलं. सरळ अंतर १३,९९३ किलोमीटर. कॅप्टन झोया अग्रवाल यांच्यासोबत सगळ्या महिला वैमानिक होत्या आणि त्यांत कॅप्टन आकांक्षा सोनावरेही होत्या. फुगवलेला फुगा आणि दोरा घेऊन मुलांना ही वाट दाखवा, पटकन समजते.

परत पुण्याकडे येऊ. एअरबस ३२० सारखं विमान वर गेल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं. ७२० भागिले ८३०, म्हणजे साधारण ५२ मिनिटं. मग तिकिटावर एक तास पंचवीस, एक तास पस्तीस, कधी एक तास चाळीस असं का छापतात?

एक तर हा वेग विमानाला सगळा वेळ मिळतच नाही. दहा हजार फुटांच्या खाली वेगाची मर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास असते. वर चढायला वीसेक मिनिटं लागतात आणि त्यात साधारण २०० किलोमीटर कापले जातात. उतरणंही एकदम होत नाही. वैमानिकांचा एक ढोबळ हिशेब असतो. दर हजार फूट उंचीला तीन सागरी मैल. पस्तीस हजार फुटांवर असाल तर १०५ सागरी मैल, म्हणजे १९५ किलोमीटर आधी उतरायला सुरुवात करायची. आपल्या सरळ रेघेवर हे ठिकाण जत-कवठेमहांकाळच्या आसपास येतं. म्हणजे सांगली जिल्ह्याच्या डोक्यावर असतानाच विमानाने पुण्याकडे उतरणं सुरू केलेलं असतं. चढण्याचे २०० आणि उतरण्याचे १९५ वजा करा. उरतात ३२०-३२५ किलोमीटर. विमान ज्या वेगासाठी ओळखलं जातं त्या वेगाने ते जेमतेम तेवीस-चोवीस मिनिटं उडतं. तेवढ्यात आपला चहासुद्धा धड पिऊन होत नाही.

दुसरी गोष्ट, तिकिटावरचा वेळ हवेतला नसतोच. दार बंद होऊन विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, आणि पलीकडे जागेवर थांबून चाकांना अडण लागली की घड्याळ बंद. मध्ये धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, आपला नंबर येण्याची वाट पाहणं आलं. देवनहळ्ळीला डिसेंबर २०१९ पासून दोन समांतर धावपट्ट्या आहेत, तरी सकाळी आणि संध्याकाळी रांग लागतेच. दोन्ही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे विमान पश्चिमेकडे तोंड करून उठतं आणि थोडं उजवीकडे वळून पुण्याची वाट धरतं. हिवाळ्यात पूर्वेचा वारा असला की आधी कोलारच्या दिशेने उठायचं आणि मग वळून मागे यायचं. दोन-चार मिनिटं त्यात जातात.

लोहगावची गोष्ट वेगळी. तो मुळात हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी एक, तिच्यावर सुखोईही उतरणार आणि आपणही. जुलै २०२४ मध्ये तिथे नवीन टर्मिनल सुरू झालं, बसायला जागा आणि बॅगांचे पट्टे वाढले, पण धावपट्टी एकच राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या दुरुस्तीसाठी १६ ते २९ तारखेपर्यंत पुण्याची सगळी विमानं बंद होती. एका धावपट्टीवर शहर अवलंबून असलं की असं होतं.

या सगळ्याचा अंदाज घेऊन विमान कंपन्या वेळापत्रकात थोडी मिनिटं उशी म्हणून घालतात. वेळापत्रकापेक्षा पंधरा मिनिटांपर्यंत उशीर झाला तरी सरकारी हिशेबात ते विमान वेळेवर धरतात. म्हणून कधीकधी वैमानिक अभिमानाने सांगतो की आपण वीस मिनिटं लवकर आलो. लवकर वगैरे काही नाही. उशी वापरावी लागली नाही, एवढंच.

मुंबईशी ताडून पाहिलं की हे चांगलं कळतं. बंगळूर-मुंबई सरळ अंतर ८३४ किलोमीटर. पुण्यापेक्षा ११०-११५ किलोमीटर जास्त, म्हणजे वरच्या वेगाने फक्त आठ मिनिटं. पण तिकिटावर बरेचदा वीस-पंचवीस मिनिटं जास्त दिसतात. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं घेता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमान वरती घिरट्या घालत राहतं.

आता जमिनीवर येऊ, कारण खरा वेळ तिथेच जातो. टॉमटॉम ही नकाशे बनवणारी डच कंपनी दरवर्षी जगातल्या शहरांची वाहतूक मोजते. तिच्या २०२४ च्या पाहणीत बंगळूरला दहा किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटं लागली आणि पुण्याला ३३. म्हणजे या दोन शहरांत मिळून वीस किलोमीटर जायला लागणारा वेळ हा विमानाच्या वरच्या वेगाने बंगळूरहून पुणं गाठायला लागेल त्यापेक्षा जास्त! आमच्या घराजवळच्या वडापाववाल्याला मी हे सांगितलं. तो निपाणीचा. म्हणाला, "मग साहेब, विमान घेण्यापेक्षा सिग्नल काढले तर स्वस्त पडेल की."

बंगळूरचा विमानतळ पूर्वी शहरात होता, जुन्या मद्रास रस्त्याच्या दक्षिणेला, एचएएलचा. २४ मे २००८ ला तो नेहमीच्या प्रवासी विमानांसाठी बंद झाला आणि देवनहळ्ळीचा सुरू झाला. आकाशातलं अंतर काही बदललं नाही, पण इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्याचा विमानतळ एका रात्रीत पन्नासेक किलोमीटरवर गेला. मेट्रोची निळी लाइन तिथपर्यंत पोहोचेपर्यंत टॅक्सी नाहीतर वायुवज्र बस, हेच मुख्य पर्याय. पुण्यातही पुरंदरच्या विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. तो झाला तर हडपसर-सासवडवाल्यांना बरं पडेल, विमाननगरवाल्यांना नाही.

आता हिशेब मांडा. इलेक्ट्रॉनिक सिटीतून दिवसा देवनहळ्ळी, दोन तास. सामान देण्याचा काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो आणि सुरक्षा तपासणीला रांग असते, म्हणून तिथे पावणेदोन तास आधी पोहोचायचं. विमानाचा दीड तास. लोहगावला उतरून बाहेर पडायला पंचवीस-तीस मिनिटं. तिथून कोथरूड किंवा सिंहगड रस्ता, एक-सव्वा तास. बेरीज पावणेसात ते सात तास. ७२० किलोमीटरला पावणेसात तास, म्हणजे ताशी १०७ किलोमीटर. विमानात बसूनही आपण मोकळ्या महामार्गावरच्या बऱ्या गाडीच्याच वेगाने पुण्याला पोहोचतो. हेब्बाळ किंवा यलहंकाला राहत असाल आणि पुण्यातलं घर विमाननगरला असेल तर मात्र साडेचार तासांत होतं. म्हणून "विमानाने किती वेळ?" याचं उत्तर खरं तर तुमच्या दोन्ही पिनकोडांवर आहे.

एक विषयांतर, पण मला आवडतं म्हणून. घरातली माणसं पुण्याला आणि बंगळूरला वाटली जाणं नवीन नाही. १६३८ च्या सुमारास बंगळूर शहाजीराजांकडे आलं, आणि पुण्याची जहागीरही त्यांचीच होती. राजे इकडे, जिजाऊ आणि शिवबा पुढे पुण्याला. तेव्हा वडील बंगळूरला आणि मुलगा पुण्याला होता, आज बहुतेक घरांत उलटं आहे.

तर रात्रीचा फोन. समजा रात्री दहाला फोन आला. शेवटचं विमान बहुधा हाताला लागत नाही. मनात पहिली गोष्ट येते ती गाडी काढण्याची. हातावर हात धरून बसणं माणसाला जमत नाही, आणि चाकं फिरायला लागली की काहीतरी करतोय असं वाटतं. पण आकडे बघा. पुण्याला रस्त्याने तेरा ते पंधरा तास. दहाला निघालात तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारा-एक. त्याऐवजी पहाटेचं पहिलं विमान पकडलं तर पावणेआठच्या सुमारास लोहगाव आणि नऊ-साडेनऊला दवाखान्यात. पहाटे साडेतीनला बंगळूरचे रस्ते रिकामे असतात, दोन तासांचा रस्ता सव्वा तासात होतो. म्हणजे पुण्यासाठी थांबून विमान घेणारा तीन-चार तास आधी पोहोचतो, आणि मध्ये तीन-चार तास पाठ टेकूनही होते.

बेळगावसाठी हाच हिशेब उलटतो. बंगळूर-बेळगाव रस्त्याने ५०० किलोमीटर. रात्री दहाला निघालेली गाडी सकाळी सहा-सातला गावात. विमानाने अंतर ४४५ किलोमीटर आणि तासा-सव्वातासाचा प्रवास, पण सांबऱ्याला दिवसाला मोजकीच विमानं. रात्री थांबून उपयोग नाही. वंदे भारत १० ऑगस्ट २०२५ पासून बेळगावपर्यंत धावते, साडेआठ तासांच्या आसपास घेते, पण ती दिवसाची गाडी. कोल्हापूरला ६१० किलोमीटर, दहा-अकरा तास. रात्री दहाला निघालात तर सकाळी आठ-नऊ. तिथेही, पुण्याला उतरून पुन्हा मागे २३० किलोमीटर यायचं म्हटलं तर दुपार होते. म्हणजे रस्ता बरा.

मग बदल कुठे होतो? मी कागदावर मांडून पाहिलं. कराड रस्त्याने सकाळी नऊला, विमानाने बाराला. सातारा रस्त्याने दहा, विमानाने अकरा. शिरवळ रस्त्याने साडेअकरा, विमानाने दहा-साडेदहा. म्हणजे रात्रीच्या फोनला साताऱ्यापर्यंतच्या घरांसाठी रस्ता, आणि खंबाटकी घाट ओलांडून पलीकडच्या घरांसाठी पहाटेचं विमान. सोलापूरवाल्यांचा हिशेब निराळा. त्यांची वाट विजापूरवरून जाते, तीही रात्री रस्त्यानेच.

रस्ता म्हणजे स्वतः गाडी चालवणं मात्र नव्हे. अशा रात्री माणूस जागा असतो, पण भानावर असतोच असं नाही. चित्रदुर्ग ते हावेरी हा पट्टा पहाटे दोन-तीनच्या सुमारास येतो. रस्ता सरळ आणि गुळगुळीत आहे, डोळा तिथेच लागतो. ड्रायव्हर बोलवा. साडेदहा-अकराच्या आत फोन आला असेल तर स्लीपर बस मिळू शकते, यशवंतपूरला किंवा तुमकूर रस्त्यावर गाठायची. एखादा तास उशीर होईल, पण दोन ड्रायव्हर असतात.

दिवसा फोन आला तर चित्र पुन्हा बदलतं. पुण्याला दिवसभरात बरीच विमानं आहेत, तिथे प्रश्न नाही. कोल्हापूर, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, निपाणी या भागातल्यांनी मात्र आधी बेळगावचं विमान बघावं, राज्याची हद्द मनात आणू नये. सांबऱ्याहून कोल्हापूर ११० किलोमीटर, दोन-सव्वादोन तास. थेट कोल्हापूरचं विमान त्या दिवशी, त्या वेळेला असेल तर उत्तमच, पण छोट्या विमानतळांची वेळापत्रकं बदलत राहतात, म्हणून दोन्ही बघायची. बेळगावचं नसेल तर हुबळी. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गवाल्यांना जानेवारी २०२३ पासून गोव्याचा मोपा विमानतळ मिळालाय, तो हद्दीला लागूनच आहे. या छोट्या मार्गांवर पंखेवालं एटीआर विमान असलं तर नाक मुरडू नका. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटर, जेटपेक्षा कितीतरी कमी, पण बेळगावइतक्या अंतरात जेटलाही आपला वेग दाखवायला वाव मिळत नाही. फरक पडतो पंधरा-वीस मिनिटांचा.

डिसेंबर-जानेवारीत देवनहळ्ळीला पहाटे धुकं असतं. पहिलं विमान तेव्हा तासभर, कधी त्याहून जास्त अडकू शकतं. त्या दिवसांत वरच्या हिशेबात एक तास मिळवा. शिरवळला तेव्हा दोन्ही वाटा जवळजवळ बरोबरीत येतात, पुणं तरीही विमानाच्याच बाजूला राहतं.

आणि फोनवर वेळ सांगताना विमान उतरण्याची वेळ सांगू नका. "पावणेआठला लोहगावला उतरतोय" असं म्हटलं की तिकडे सगळे सव्वाआठपासून दाराकडे बघायला लागतात. "साडेनऊपर्यंत दवाखान्यात येतो" असं सांगा. त्या पावणेदोन तासांत मामा घरी जाऊन अंघोळ करून येऊ शकतो, बहीण मुलांना शाळेत सोडू शकते. बॅग हातातलीच ठेवा, चेक-इन रात्रीच फोनवर करून टाका, म्हणजे दोन्हीकडचा मिळून अर्धा तास वाचतो. टॅक्सी रात्री बारालाच ठरवून ठेवा. पहाटे तीनला अ‍ॅप उघडून गाडी शोधत बसलात, तर ती मिळायलाच विमानाला जत गाठायला लागतो तेवढा वेळ जाऊ शकतो.